समुद्रात गेलेल्या माणसांची गाणी आपल्याकडे आहेत का?

खाडीकाठ यांचा प्रश्न

मी मूळची अलिबाग तालुक्यातली. आमचे गाव रेवस बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे. गेली पाच-सहा वर्षे आमच्या भागातल्या वयस्कर बायकांकडून जुनी गाणी उतरवून घेण्याचे काम मी सवडीनुसार करते आहे. लग्नातले धवले, हळदीची गाणी, गौरीची गाणी, नारळी पौर्णिमेची गाणी अशा मिळून आठ वह्या आतापर्यंत भरल्या आहेत. या पावसाळ्यात त्या सगळ्या वह्या पुन्हा पहिल्यापासून वाचताना एक गोष्ट ध्यानात आली आणि ती काही केल्या मनातून जात नाही. या गाण्यांत दर्या जागोजागी आहे, होडी आहे, शीड आहे, जाळे आहे, घरधनी मासळी घेऊन येतो तेव्हाचा आनंद आहे. पण जो दर्यावर गेला आणि परत आलाच नाही, तो माणूस या आठ वह्यांत कुठेही नाही.

आमच्या किनाऱ्याला अशा माणसांची वाण नाही, म्हणून हे जास्तच खुपते. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, गटारीला घरी पोहोचायचे म्हणून निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटली आणि साधारण तासाभरात काश्याच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. लोक जिला आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, तिचीच ही बोट होती. तिच्यावर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे मुंबई बंदराच्या तोंडाशी एवढा अनर्थ होऊनही शहराला दुपार होईपर्यंत त्याचा पत्ता लागला नाही. जी काही माणसे वाचली, त्यांतली बरीचशी जवळपास असलेल्या कोळ्यांच्या होड्यांमुळे वाचली.

माझ्या आजीचा धाकटा दीर त्या बोटीवर होता. त्याचे वय बावीस, लग्नाला दीड वर्ष झालेले, आणि मुंबईहून येताना तो नवी छत्री घेऊन येणार होता, एवढेच मला ठाऊक आहे. आषाढी अमावस्येला आमच्याकडे सगळे दिवे घासून पाटावर मांडतात आणि लावतात. त्यांतला एक दिवा मात्र वात घालूनही न लावता तसाच ठेवला जातो. कारण कुणी सांगत नाही, आणि लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे कुणी विचारतही नाही.

तर माझा प्रश्न असा आहे की, समुद्रात गेलेल्या माणसांची आठवण धरून ठेवणारी लोकगीते आपल्याकडे आहेत का? ओवी असो, पोवाडा असो, कोळ्यांचे गाणे असो किंवा आगऱ्यांचे. आपल्याकडे नसतील, तर शेजारच्या भाषांत आहेत का, आणि असतील तर ती टिकली कशी, हेही कुणी सांगितले तर मला पुढच्या कामाला दिशा मिळेल.

---

मुलुंडचा कच्छी

ताई, आपला प्रश्न वाचल्याबरोबर माझ्या कानात एक गाणे सुरू झाले. माझा जन्म मुंबईचा आणि शाळा मराठी, पण घरी कच्छी आणि गुजराती बोलली जाते, आणि आमच्या घरात ते गाणे येत नाही असे एकही माणूस नाही. नवरात्रात रात्र सरत आली, तरुण मुले दमून बसली, की माझी मावशी टाळ्यांच्या संथ ठेक्यावर ते धरायची आणि रिंगणातल्या बायका तिच्यामागून पालुपद उचलायच्या: ‘हाजी कासम, तारी वीजळी रे मधदरिये वेरण थई.’ मराठीत सांगायचे तर, हाजी कासम, तुझी वीजळी भर दर्यात वैरीण झाली.

‘वीजळी’ म्हणजे ‘वैतरणा’ नावाची आगबोट. ती मुंबईच्या शेफर्ड कंपनीच्या मालकीची होती आणि कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला प्रवासी आणत असे. बोटीवर विजेचे दिवे होते. त्या काळी काठेवाडच्या किनाऱ्यावर रात्री असा उजेड कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून लोकांनी कंपनीने दिलेले नाव बाजूला ठेवून तिला वीजळी म्हणायला सुरुवात केली. ८ नोव्हेंबर १८८८, गुरुवार, कार्तिक शुद्ध पंचमी. व्यापाऱ्यांच्या घरी ही लाभपंचमी, म्हणजे दिवाळीनंतर नव्या वर्षाचा व्यवहार सुरू करण्याचा मुहूर्त. मांडवीला ५२० माणसे चढली, द्वारकेला आणखी १८३. त्यांत पेढीवर परतणारे व्यापारी होते, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थी होते आणि लग्नाची वऱ्हाडे होती. पोरबंदरला हवा इतकी बिघडलेली होती की बोट तिथे न थांबता तशीच पुढे निघाली. संध्याकाळी ती मांगरोळजवळ दिसल्याचे सांगतात. त्यानंतर वीजळी कुणालाही दिसलेली नाही. मुंबई सरकारने आणि आगबोट कंपन्यांनी शोधासाठी बोटी धाडल्या, पण अवशेष सापडले नाहीत, आणि आज इतक्या वर्षांनंतरही ते सापडलेले नाहीत. नंतर चौकशी बसली, तेव्हा वादळाबरोबरच जीवरक्षक होड्या आणि इतर साधने अपुरी असल्याचेही पुढे आले.

हा झाला इतिहास. गाणे या इतिहासातले काय उचलते आणि काय सोडते, ते आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गाण्यात वादळाचे वर्णन फारसे नाही. गाण्यात आहे ते लग्न. मुंबईत मांडव घातलेले आहेत, ओंजळी भरभरून साखर चालली आहे, ढोल वाजत आहेत, आणि नवऱ्या मुली टेकडीवर चढून वऱ्हाडाची वाट पाहत आहेत. मग गावोगावी तारा सुटतात, त्या वाण्यांच्या घरी वाचल्या जातात, भाटियांच्या घरी वाचल्या जातात, आणि घराघरांत रडणे सुरू होते. अंगाला पिठी लावलेली, म्हणजे आपल्याकडच्या हळदीसारखा लेप लावलेली लाडकी लेक मांडवात बसून रडते. शेवटी गोरा साहेब आणि मडम बोटी घेऊन दर्या धुंडाळतात, पण पाण्याचा पार लागत नाही. बुडणारी बोट प्रत्यक्ष पाहिलेले कुणी उरलेच नव्हते, त्यामुळे गाणे सगळा वेळ किनाऱ्यावर, वाट पाहणाऱ्यांमध्ये उभे राहते.

आता आकड्यांचे पाहा. बोटीवर खलाशी धरून साडेसातशेच्या आतबाहेर माणसे होती. गाणे तेराशे म्हणते, आणि आमच्याकडे कुणालाही विचारले तर तेराशेच सांगतील. मी पूर्वी मावशीला हे दुरुस्त करून सांगायचो. एकदा ती मला म्हणाली, “जे गेले ते तू मोजलेस, जे मागे राहिले त्यांचे काय?” त्यानंतर मी दुरुस्ती करणे सोडून दिले.

हाजी कासम नक्की कोण होते, याबद्दल लोकांत घोळ आहे. कुणी त्यांना कप्तान म्हणतात, कुणी मालक, कुणी तिकिटे विकणारे आडते. कप्तानाचे नाव कासम इब्राहीम होते असे सांगितले जाते. मालकी कंपनीची होती, पण कंपनीच्या नावाने हंबरडा फोडता येत नाही. ‘तुझी वीजळी’ असे म्हणायला समोर ओळखीचे माणूस लागते, म्हणून गाण्याने कासमला समोर उभे केले असावे. यात शिवी नाही, शाप नाही. आपल्यातल्याच माणसाजवळ केलेली तक्रार आहे. ‘वेरण’ या शब्दाचा ‘वेरण-छेरण’शी, म्हणजे विखरून जाण्याशी, संबंध लावणारेही भेटतात, पण आमच्या घरातल्या बायकांच्या मनात वैरीण हाच अर्थ आहे. जिच्या दिव्यांचे कौतुक केले तीच वैरीण निघाली, हे दुःख त्यांना आपले वाटते.

‘वैतरणा’ हे नाव मी ऐकलेल्या गाण्यात एकदाही येत नाही. आपल्या पालघरकडच्या नदीचे हे नाव, आणि पुराणातल्या मृतांच्या नदीची आठवण करून देणारेही. आज मागे वळून पाहताना अंगावर काटा येतो, पण त्या बायकांना या नावाची गरज पडली नाही.

---

ओवीसंग्रह

खाडीकाठ ताई, आपण आठ वह्या भरल्या आहेत ही फार मोठी गोष्ट आहे. मी काही वर्षे महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवले, त्या अनुभवावरून दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आणि वरच्या प्रतिसादातल्या एका मुद्द्याला थोडी पुरवणीही जोडायची आहे.

पुरवणी आधी. वीजळीचे गाणे बायकांच्या तोंडून आले हे खरेच आहे, पण त्याच्या मागेपुढे छापील कविताही होती. दुर्घटनेनंतर लगोलग ‘वीजळी विलाप’ नावाने गुजरातीत गाण्यांची पुस्तके निघाली. एकाच नावाची किमान दोन, वेगवेगळ्या रचनाकारांची. पुढे झवेरचंद मेघाणी यांनी आपल्या ‘रढियाळी रात’ या लोकगीतांच्या संग्रहात वीजळीच्या गाण्याला जागा दिली. म्हणजे छापील पुस्तक, बायकांचे रिंगण आणि साक्षेपी संग्राहक, असे तीन टेकू या गाण्याला मिळाले. ‘रामदास’च्या वाट्याला असे टेकू आले का, हा प्रश्न आपण वेगळा विचारायला हवा, कारण गाणे रचले गेले नाही आणि गाणे टिकले नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या मते तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे प्रसंग. लोकगीत कधीही नुसते गायले जात नाही. त्याला काही निमित्त लागते. हळद लागते तेव्हा हळदीचे गाणे, वाण भरतात तेव्हा वाणाचे. वीजळीला नवरात्रातले रिंगण मिळाले आणि दरवर्षी नऊ रात्री तिची आठवण निघण्याची सोय झाली. आपण गोळा केलेल्या गाण्यांची यादी या दृष्टीने पुन्हा पाहा. धवले, हळद, गौरी, नारळी पौर्णिमा: ही सगळी मंगल प्रसंगांची गाणी आहेत. नवरा समुद्रात गेला ती बाई विधवा झाली, आणि विधवेला यांतल्या एकाही ठिकाणी पुढे येऊन गाण्याची मुभा नव्हती. हळदीच्या मांडवात तिची सावली नको, तिथे तिचे गाणे कोण ऐकून घेणार? ज्यांच्यापाशी हे गाणे असायला हवे, त्यांनाच आपल्या वह्यांतल्या सगळ्या प्रसंगांतून बाहेर ठेवलेले होते. आपल्या वह्यांत तो माणूस का नाही, याचे उत्तर मला इथे दिसते.

तिला गायला एकच जागा होती, ती म्हणजे पहाटेचे जाते. तिथे कुणी अडवणारे नव्हते. हेमा राईरकर आणि गी पोयत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या वाचताना मला नेहमी जाणवते की मरणाबद्दल इतके मोकळेपणाने बोलणारी दुसरी जागा या बायकांना नव्हती. आई-बापाचे मरण, भावाचे मरण, स्वतःचे अहेवपणी यावे असे वाटणारे मरण, सगळे जात्यापाशी बोलले गेले. मात्र ओवीचा स्वभाव घटना सांगण्याचा नाही. ‘अमुक साली अमुक बोट बुडाली’ असे ओवी सांगणार नाही. ती एका माणसाला हाक मारील, त्याच्या पागोट्याचा रंग सांगील, त्याच्यासाठी केलेली भाकर झाकून ठेवील आणि तेवढ्यावर थांबेल. त्यामुळे बोटीचे नाव घेऊन शोध केलात तर हाती काही लागणार नाही. आणि रामदास बुडाली त्याच काळात पिठाच्या गिरण्या गावागावांत शिरत होत्या. जाते थांबले आणि त्याबरोबर ते गाणेही थांबले, असे घडलेले असण्याचा मोठा संभव आहे.

आणखी एक. समुद्रात गेलेल्याचा देह बहुतेक वेळा मिळत नाही. अशा वेळी आपल्याकडे पालाशविधी सांगितला आहे. पळसाची ३६० पाने किंवा देठ घेऊन माणसाच्या आकाराचा पुतळा करायचा, कोणत्या अवयवाला किती पाने लावायची तेही ठरलेले असते, आणि मग त्या पुतळ्याला रीतसर अग्नी द्यायचा. मी हा विधी एकदाच पाहिला आहे. गेलेल्याचा भाऊ पाने मोजत होता, मध्येच त्याचा आकडा चुकला, आणि भटजींनी काही न बोलता सगळी पाने पुन्हा एकत्र करून त्याला पहिल्यापासून मोजायला दिली. अंगणात दुसरा आवाज नव्हता. विधी पुरुषांच्या हाती असतो. त्या वेळी आतल्या खोलीत बायका काय म्हणत होत्या, ते मी तेव्हा जाऊन ऐकले नाही याची मला आज फार खंत वाटते. आपण ऐकावे. लग्नाची गाणी विचारण्याऐवजी दिवसकार्याच्या वेळी घरात काय बोलले जात असे, ते विचारून पाहा.

---

हंबरकाठ

मी रत्नागिरीचा, गेली अकरा वर्षे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हंबर नदीच्या मुखाजवळ राहतो. नदीच्या या काठाला हल आणि पलीकडे ग्रिम्सबी, ही दोन्ही एकेकाळची मोठी मासेमारी बंदरे. वरच्या प्रतिसादात छापील कवितेचा आणि प्रसंगाचा मुद्दा आला, त्याला इथला एक दाखला अगदी जुळतो म्हणून लिहितो.

वीजळी गेली त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ८ आणि ९ फेब्रुवारी १८८९ रोजी, उत्तर समुद्रात मोठे वादळ झाले आणि हल व ग्रिम्सबीच्या कित्येक मासेमारी नौका बुडाल्या. ग्रिम्सबीतल्या विल्यम डेल्फ नावाच्या कोळ्याने त्यावर कविता लिहिली, ती एका कागदावर छापून विकली, आणि आलेले पैसे बुडालेल्यांच्या विधवा व मुलांसाठी लावले. कवितेत बुडालेल्या नौकांची नावे होती. पुढे ती तोंडातोंडी फिरू लागली. सुमारे सत्तर वर्षांनी, १९५७ साली, फायली या गावातल्या एका वृद्ध दर्यावर्द्याकडून ती उतरवून घेतली गेली, तेव्हा तिला चाल लागलेली होती, धृपद आलेले होते, नौकांची नावे बरीचशी गळून गेली होती, आणि फेब्रुवारीतले वादळ ऑक्टोबरच्या रात्रीचे झाले होते. गाण्यात ‘साठ आणि दहा’ माणसे गेल्याचे म्हटले आहे. आज ते गाणे त्याच नावाने ओळखले जाते आणि इथल्या लोकसंगीताच्या मैफलींत सगळे मिळून म्हणतात.

मी पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. धृपद सुरू झाले की त्या गात आणि कडवे आले की ओठ मिटून घेत. नंतर त्यांनी सांगितले की त्यांचे वडील मासेमारीच्या जहाजावरून परतले नाहीत, आणि धृपद सगळ्यांबरोबर म्हणता येते म्हणून ते जमते. कडवे एकट्याने म्हणायचे असते, ते त्यांना जमत नाही. मुलुंडच्या मावशी रिंगणात गातात आणि बाकीच्या बायका पालुपद उचलतात, हे वाचताना मला त्या बाई आठवल्या.

प्रसंगाबद्दल सांगायचे तर, हलमध्ये समुद्रात गेलेल्या मच्छीमारांसाठी दरवर्षी जानेवारीत लोक जमतात. १९६८ सालच्या सुरुवातीला काही आठवड्यांत इथली तीन मासेमारी जहाजे बुडाली आणि ५८ माणसे गेली; त्यानंतर इथल्या बायकांनी रस्त्यावर उतरून जहाजांवर सुरक्षिततेचे नियम आणवले. कुणी गाणे म्हणते, कुणी नावे वाचते. ताई, रेवसला असा दिवस पाळला जातो का, हे मला आपल्याकडून जाणून घ्यायला आवडेल.

---

सिंधुतीर

उल्हासनगरच्या सिंधी घरातून लिहीत आहे, थोडक्यात लिहितो. शाह अब्दुल लतीफ भिटाई (१६८९–१७५२) यांच्या काव्यात ‘सुर घातू’ नावाचा एक भाग आहे. घातू म्हणजे मोठ्या माशांची शिकार करणारे कोळी. कलाची, म्हणजे आजच्या कराचीजवळ, समुद्रात एक भोवरा होता, तिथे गेलेले घातू परत येत नसत, आणि या काव्याचा पुष्कळसा भाग म्हणजे ‘जे गेले ते अजून का आले नाहीत’ ही विचारणा आहे. त्यामागची लोककथा मोरिड़ोची. सात भावांपैकी सहा जणांना महाकाय माशाने गिळले. सातवा अपंग असल्यामुळे घरी राहिलेला होता. त्याने बाहेरून टोकदार खिळे लावलेला पिंजरा करून घेतला, स्वतः आत बसून समुद्रात उतरला, माशाने पिंजरा गिळला तो त्याच्या घशात अडकला, आणि किनाऱ्यावरून दोर ओढून मासा बाहेर काढला गेला. भावांची हाडे अशी परत मिळाली. कराचीत मोरिड़ो आणि त्याच्या भावांची म्हणून थडगी दाखवली जातात.

माझे आजोबा फाळणीनंतर बोटीनेच मुंबईला आले. ते ही कथा सांगताना माशाला मारण्याच्या पराक्रमावर कधीच रेंगाळत नसत. भाऊ सापडले, त्यांना माती देता आली, यावर ते थांबत. ओवीसंग्रह यांनी पालाशविधीबद्दल लिहिले आहे, ते वाचून मला पहिल्यांदा कळले की आजोबा तिथेच का थांबत असावेत. सुर घातू भिट शाहच्या दर्ग्यात फकीर आजही गातात, म्हणजे इथेही गाण्याला त्याची जागा मिळालेली आहे.

---

खाडीकाठ

आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिलेत, याबद्दल आभार मानते. हंबरकाठ, रेवसला असा दिवस सगळ्यांनी मिळून पाळलेला मी पाहिलेला नाही. जे काही आहे ते घराघरांत, आमच्या न लावलेल्या दिव्यासारखे.

ओवीसंग्रह सरांच्या सांगण्यावरून गेल्या रविवारी मी माझ्या मोठ्या आत्याकडे गेले. ती आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. रामदास बुडाली तेव्हा सात वर्षांची होती. यापूर्वी तिच्याकडून मी हळदीची बावीस गाणी उतरवून घेतली आहेत, आणि त्या वेळी प्रत्येकदा तिला मी लग्नाचेच विचारले होते. या वेळी विचारले की, धाकटी काकी जात्यावर बसायची तेव्हा काय म्हणायची?

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग तिने उजवा हात जमिनीवर टेकवला, जात्याचा खुंटा धरावा तशी मूठ केली आणि हात गोल फिरवायला लागली. हात फिरायला लागल्यावरच तिला शब्द आठवले. काकीला घरात कुणासमोर नवऱ्याचे नाव घेता येत नसे, आणि ओवीतही ते नाव नाही. ओवी बोटीला उद्देशून आहे. बोटीला ‘बाई’ म्हटले आहे, जशी शेजारणीला हाक मारावी तशी, आणि तिला विचारले आहे की, माणूस ठेवून घेतलास तो घेतलास, त्याच्या हातातली छत्री कुठे ठेवलीस, पाऊस तर अजून पडतोच आहे. मुलुंडच्या दादांनी कासमजवळ केलेल्या तक्रारीबद्दल लिहिले होते, त्याची मला तिथे बसल्या बसल्या आठवण झाली.

चार चरणांपैकी आत्याला अडीच आठवले. पुढचे शब्द यावेत म्हणून तिने तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिन्ही वेळा त्याच शब्दावर तिचा हात थांबला. काकी १९७१ साली वारली. तिच्याबरोबर जात्यावर बसणारी दुसरी बाई आमच्या माहेरच्या घरात आता कुणी नाही. पण काकीचे माहेर मांडव्याचे होते आणि तिथे तिची धाकटी बहीण अजून आहे, असे आत्या म्हणाली. मी त्या घरचा पत्ता घेतला आहे. नववी वही सुरू केली, पहिल्या पानावर ते अडीच चरण लिहिले आणि खाली दीड चरणाची जागा मोकळी सोडली आहे. पाऊस थोडा उघडला की मांडव्याला जाऊन येते आणि इथे कळवते.